स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५: वाकलेली रिम सरळ करू की बदलू?

प्रश्न: मुंबई-गोवा महामार्गावर माणगावच्या पुढे डावं चाक खड्ड्यात आदळलं. १८ इंची रिमची आतली कड वाकलीय, ८० च्या वर स्टिअरिंग थरथरतं. २०२० पासून जिवापाड जपलेली गाडी आहे हो! पंक्चरवाला म्हणतो, "तापवून ठोकून देतो."

उत्तर: अजिबात नको! गॅसच्या ज्योतीने अलॉयची ताकद जाते. टायर उतरवून डाय पेनिट्रंट (भेगेत शिरणारा लाल रंग) मारा, केसाएवढी भेगही लाल दिसेल. नुसती कड वाकली असेल तर प्रेसवर सरळ होते. स्पोकच्या (चाकाच्या आरीच्या) मुळाशी तडा असेल तर वेल्डिंग नको, बदलाच. नवी रिम घेताना ५×११२ (११२ मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट), मधलं भोक ५७.१ मिमी, ऑफसेटही (रिमच्या मध्यरेषेपासून गाडीला टेकणाऱ्या भागाचं अंतर) जुळवा.

प्रश्नकर्ता: स्पोकपाशी बोटभर लाल रेघ निघाली. बदलतोय. बोल्ट जुनेच चालतील?

दुसरं उत्तर: कंपनीच्या रिमला हो, ते गोल बुडाचे (रिमवर टेकणारा भाग गोल) असतात. बाहेरच्या रिमला बहुधा शंकूच्या बुडाचे लागतात. आधी बघून घ्या.