रिसॉर्टचा पूल आपल्याला परवडतो, पूलकाठचं पिणं परवडत नाही. पटतंय का?

डोंबिवलीची लेक

मार्चमध्ये आम्ही घरचे आठ जण अर्नाळ्याला एक दिवसाच्या पिकनिकला गेलो. मुद्दाम मंगळवार धरला होता. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, नाश्ता, जेवण, चारला चहा-भजी आणि दिवसभर पूल, माणशी ८५०. रविवारी तिथेच ११०० घेतात. कोपरहून दिवा-वसई गाडी, वसईहून विरार लोकल, विरार पश्चिमेहून बस. येण्या-जाण्याला माणशी शंभरसुद्धा लागले नाहीत.

आई ६१ वर्षांची. आधी काठावर बसली, साडी पोटऱ्यांपर्यंत धरून, पाय पाण्यात सोडून. सुती कपड्यांनी उतरू देत नाहीत, धागे सुटून फिल्टरमध्ये अडकतात. वहिनीने काउंटरवरून पन्नास रुपये भाड्याने नायलॉनचा टी-शर्ट आणि लेगिंग आणली. आई पहिल्या पायरीवर पाच मिनिटं उभी, दुसरीवर दहा. पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा कठडा सोडला आणि म्हणाली, "अगं, गुडघा दुखतच नाहीये." मग दीड तास ती बाहेर यायलाच तयार नव्हती. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नुसती चालत होती, काठीशिवाय.

आता दुसरी बाजू. दुपारी भावाने पूलच्या बारवरून चार बिअर, ४०० ला एक, आणि चार मॉकटेल मागवली. बिल २९३२. आठ जणांचा अख्ख्या दिवसाचा खर्च ६८०० आणि दोन तासांच्या ग्लासांचे २९३२! मॉकटेल म्हणजे सरबतात सोडा आणि वर पुदिन्याची दोन पानं, २२० रुपयांना एक.

माझं मत असं की आपल्यासारख्या घरांनी पूलचा आनंद हक्काने घ्यावा, तो काही श्रीमंतांना आंदण दिलेला नाही. पण पूलकाठचं पिणं सोडून द्यावं. बजेट तिथेच फुटतं आणि ते नसलं म्हणून काही अडत नाही. तुम्हाला काय वाटतं?

शनिवारची सुट्टी

ताई, आईंचं वाचून फार बरं वाटलं. मत मात्र पटलं नाही.

आम्ही सहा मित्र, सगळे तळोजा एमआयडीसीत शिफ्टवाले. चार महिन्यांतून एकदा सहा जणांची सुट्टी एका दिवशी जुळते. त्या दिवशी पाण्यात पाय सोडून गार बिअरचा पहिला घोट घेतला की आठवडाभराचा प्लांटचा आवाज डोक्यातून जातो. ही चैन नाही हो, आमचा तेवढाच विसावा आहे. तुमच्या आईंना गुडघ्याचं जे वाटलं, ते आम्हाला त्या घोटाचं वाटतं.

पैशांचं म्हणाल तर बार नसलेलं रिसॉर्ट बघायचं. आमचं ठरलेलं आहे. मालक म्हणतो, "बाहेरून आणा, माझी हरकत नाही." वाइन शॉपमधून छापील किमतीत बिअर, बर्फाची पिशवी, घरून भाजलेले शेंगदाणे, कांदा-टोमॅटो तिथेच कापायचा. पिण्याचा खर्च माणशी ३५० च्या वर कधी गेला नाही. दोष पिण्याचा नाही, बारच्या दरांचा आहे.

हिशेबनीस

हॉटेलांचे हिशेब लिहिणं हा माझा रोजचा धंदा, म्हणून दोघांनाही सांगतो.

ताई, तुमचं बिल मी मांडून बघितलं. बिअर ४०० ची चार म्हणजे १६००. मॉकटेल ८८०. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट लागतो. परमिट रूममध्ये तो ५ टक्के होता, नोव्हेंबर २०२३ पासून १० झाला, म्हणजे १६०. मॉकटेलवर ५ टक्के जीएसटी, ४४. बेरीज होते २६८४. तुम्ही भरले २९३२. वरचे २४८ कुठून आले? २४८० च्या बरोबर दहा टक्के, म्हणजे सर्व्हिस चार्ज. तो कर नाही, देणं ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की तो आपोआप बिलात धरता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. काउंटरवर शांतपणे "हा काढा" म्हणायचं. वेटरला द्यायचं ते हातात द्या, मनापासून द्या.

शनिवारची सुट्टी, तुमचा मार्ग स्वस्त आहे पण सरळ नाही. परवाना नसलेल्या जागेत मालकाने लोकांना प्यायला बसवणं हा महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्यात गुन्हा आहे. मालकाला कलम ६८ आणि तिथे पिताना सापडलेल्याला कलम ८४. "माझी हरकत नाही" असं मालकाने म्हणून काही होत नाही. शिवाय आपल्याकडे सौम्य बिअर-वाइनला २१ आणि बाकीच्या दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात, आणि पिणाऱ्याकडे स्वतःचा परवाना असावा लागतो. विदेशी दारूचा एक दिवसाचा परवाना ५ रुपयांत मिळतो. पाच रुपये, सहा जणांचे तीस. तीस रुपयांसाठी सहा नोकऱ्या पणाला लावू नका.

शनिवारची सुट्टी

कलम ८४ खरंच माहीत नव्हतं. मालकाने सांगितलं म्हणजे चालतं असंच आम्ही धरून चाललो होतो. परवान्याचं मान्य. पण म्हणजे कायद्याने प्यायचं तर चारशेची बिअर घ्यायची आणि स्वस्तात प्यायचं तर चोरून, अशी आमची गत. हे बरोबर आहे का, तेही बोला कुणीतरी.

पूलवाला

बारा वर्षं रिसॉर्टचे पूल सांभाळतोय. पैसे आणि कायदा झाला, आता पाण्याबद्दल ऐका.

सकाळी पूल उघडायच्या आधी मी छोट्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकतो आणि रंग बघतो. मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम, म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम, पीएच ७.२ ते ७.८. मंगळवारी हा आकडा दिवसभर टिकतो. रविवारी दीडशे माणसं उतरली की दुपारी तीनपर्यंत क्लोरीन संपत आलेलं असतं. लोक म्हणतात, क्लोरीनचा वास येतोय म्हणजे पाणी स्वच्छ. उलट आहे. तो उग्र वास क्लोरीनचा घामाशी आणि लघवीशी संयोग होऊन येतो. बिअर पिऊन पाण्यात बसलेला माणूस तासातासाला उठून बाथरूमला जातो का, हे तुम्हीच तुमच्या मनाला विचारा. पाणी कसं ओळखायचं? खोल बाजूला काठावर उभं राहा. तळाची जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. दिसत नसेल तर पैसे गेले तरी चालतील, उतरू नका.

काचेचं सांगतो. बारा मीटर लांब, सहा मीटर रुंद, सव्वा मीटरच्या आसपास खोल, एवढ्या लहान पूलमध्येही ९० हजार लिटर पाणी असतं. बाटली फुटून तुकडा पाण्यात गेला तर तो दिसत नाही, पूल रिकामाच करावा लागतो. दहा हजार लिटरचे नऊ टँकर, आणि दोन दिवस पूल बंद. म्हणून आम्ही काठावर बाटली दिसली की धावत येतो. लोकांना वाटतं मुजोर आहे.

आणि आता जे सांगायला लिहायला बसलो ते. चार वर्षांपूर्वी, जेवणानंतर, चोवीसेक वर्षांचा मुलगा. पाणी चार फूट, त्याची उंची पावणेसहा. मित्र दोन हातांच्या अंतरावर उभे होते, गाणं चालू होतं. त्यांना वाटलं हा श्वास रोखून धरायची पैज लावून खाली बसलाय. मी जाळी बघायच्या सवयीने तळाकडे बघितलं, तर तो तिथे आडवा. बाहेर काढून छाती दाबली, पाणी ओकला, वाचला. बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही, हातही हलवत नाही. श्वासच घेता येत नाही तर ओरडणार कशाने? आवाज येत नाही, म्हणून बाजूच्यालाही कळत नाही. पोटात दारू असेल तर घाबरून उठायची जी झेप असते तीच मंदावते.

६५० मिलीची स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांची धरा. ५२ मिली अल्कोहोल, म्हणजे ४१ ग्रॅम. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निकाली काढतं. एका बाटलीला चार ते सहा तास. शनिवारची सुट्टी, तुमच्या विसाव्याबद्दल माझी काही तक्रार नाही, मीपण घेतो. फक्त आधी पाणी, मग पिणं. प्यायल्यावर पाण्यात परत पाय ठेवायचा नाही.

दोन मुलींची आई

पूलवाले दादा, तुमच्यासारखा माणूस प्रत्येक पूलवर असो.

मला वेगळंच खुपतं. रिसॉर्टमध्ये पूल एकच असतो. दुपारनंतर प्यायलेले दहा-बारा जण एका बाजूला जमले की बाकीच्या बायका एकेक करून बाहेर पडतात. कुणी काही बोललेलं नसतं, तरी पडतात. पैसे आम्हीही तेवढेच दिलेले असतात. माझी मोठी तेरा वर्षांची आहे, गेल्या वेळी तीनलाच टॉवेल गुंडाळून खोलीत जाऊन बसली. त्यामुळे मी बुकिंग करताना फोनवर एकच प्रश्न विचारते, पूलजवळ दारू देता का? "हो" म्हणाले तर फोन ठेवते. ज्यांना प्यायचंय त्यांनी बाजूला बसून प्यावं, पाणी सगळ्यांचं आहे.

वाडीतला

मी वसईच्या पश्चिम पट्ट्यातला. तुमच्या सगळ्या हिशेबात आमचं गाव कुठेच नाही, म्हणून लिहितो.

आमच्या वाडीत केळी, पानवेल, फुलं होती. रहाटाने पाणी उपसायचो तेव्हा विहीर गोडी होती. मोटार आली, टँकर आले, उपसा वाढला आणि समुद्र आत सरकला. आता एप्रिलमध्ये विहिरीचं पाणी मचूळ लागतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली ती ही हिरवी पट्टी आणि इथलं पाणी वाचवायला. आमच्या घरातले मोर्चात चालले होते. माणशी ८५० मध्ये दिवसभर पूल कसा परवडतो? पाण्याची खरी किंमत त्या ८५० मध्ये धरलेलीच नाही, म्हणून. आणि रात्रीच्या डीजेबद्दल तर लिहायलाच नको, घरात म्हातारी माणसं आहेत.

पूलवाला

वाडीतले दादा, पूलचं पाणी रोज बदलत नाही. तेच पाणी वाळूच्या फिल्टरमधून फिरतं, बॅकवॉशला, म्हणजे फिल्टर उलट्या पाण्याने धुवायला, जाईल आणि उन्हाने उडेल तेवढंच भरावं लागतं. खरं पाणी जातं शॉवरला. दीडशे माणसांनी चाळीस-चाळीस लिटर वापरलं तर सहा हजार लिटर, दर रविवारी. शॉवरला बटण दाबून बंद होणारे नळ लावले की निम्मं वाचतं. मी मालकाला तीनदा सांगितलं. पण विहीर मचूळ झाल्याचं तुमचं म्हणणं खोटं नाही, आमच्याही बोअरचं तेच आहे.

म्हापसेकर

कुणी "मग गोव्याला जा, तिथे स्वस्त" म्हणायच्या आत लिहितो. दुकानात स्वस्त, खरं आहे, आणि वय १८. पण रिसॉर्टच्या पूलवरचं मेन्यूकार्ड इथेही दुकानाच्या भावाने चालत नाही. मग लोक बाटली घेऊन किनाऱ्यावर बसतात. २०१९ मध्ये उघड्यावर प्यायला एकट्याला २००० आणि घोळक्याला १०,००० दंड ठरला होता, पुढे तो वाढवला. उरलेल्या बाटल्या गाडीत टाकून परत निघाले की महाराष्ट्राच्या हद्दीतल्या इन्सुली तपासणी नाक्यावर जप्त होतात.

खरोखर स्वस्त हवं असेल तर पावसाळ्यात या. खोल्यांचे दर उतरलेले असतात आणि बहुतेक वेळा पूल तुमच्या एकट्याचा. मीठ-लिंबू घातलेला हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची दारू, मात्र मार्च ते मेमध्येच, तो दोन्हीचा योग जुळत नाही.

डोंबिवलीची लेक

हिशेबनीस, २४८ चं वाचून वाईट वाटलं. माझ्या आईच्या नायलॉनच्या कपड्यांचं पाच वेळचं भाडं झालं ते.

वाडीतले दादा, विरारच्या बसमधून जाताना वाड्या दिसल्या होत्या, पाण्याचा विचार मनात आला नव्हता. आम्ही पुन्हा जाणार, कारण आईला पाणी हवंय, आणि डोंबिवलीत तिच्या वयाच्या बाईला भीती न वाटता उतरता येईल असा पूल मला मिळालेला नाही. पण अंघोळ घरी येऊन करू आणि रात्रीच्या डीजेच्या पॅकेजला कधीच जाणार नाही, एवढं माझ्या हातात आहे.

दारूबद्दल मत तेच आहे, उलट पूलवाले दादांचं वाचून पक्कं झालं. कारण आधी पैसे होते, आता तो चार फूट पाण्यातला मुलगा आहे. कोकमाचं आगळ नेऊ दिलं तर नेईन, आधी फोन करून विचारून. बहुतेक ठिकाणी बाहेरचं आणू देत नाहीत, पण आईच्या पथ्यासाठी म्हटलं की "आणा" म्हणतात, असा वहिनीचा अनुभव आहे.

शनिवारची सुट्टी

ग्रुपवर हा सगळा धागा टाकला. दोन जण चिडले, एकाने हिशेब केला. ठरलं ते असं. बार आणि परवाना असलेलं रिसॉर्ट, तेही शनिवार सोडून आठवड्यातला वार, सकाळी नऊ ते एक पूल, मग जेवण, मग माणशी एक माइल्ड बिअर झाडाखाली. जाऊन-येऊन लोकल. पूर्वी दोन मोटारसायकली न्यायचो, ते बंद. एका स्ट्राँगमध्येच गाडी चालवणाऱ्यासाठीची कायद्याची मर्यादा, १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल, सहज ओलांडते आणि पहिलाच दंड १०,०००. माणशी दीडशे-दोनशे जास्त पडतील. विसावा सोडणार नाही ताई, त्यावर माझं मत बदललेलं नाही.

पूलवाला

एकच विचारतो. बिअरनंतर चार वाजता ऊन उतरतं, पाणी छान लागतं. तेव्हा सहातला एक तरी उठणार. त्याला कोण धरून बसवणार, हे आधी ठरवलंय का?

शनिवारची सुट्टी

नाही ठरवलं. माझा धाकटा भाऊ पीत नाही, त्याला सातवा म्हणून बरोबर घेतो.