मदत हवी आहे: पक्षीनोंदींच्या जुन्या मेलचा ढीग शोधायचा आणि टॅग करायचा आहे

माळरानी

आमच्या पक्षिमित्र गटाचा सगळा पत्रव्यवहार अनेक वर्षं मेलवर चालायचा. आधी याहू ग्रुप, नंतर गूगल ग्रुप, आणि मधली काही वर्षं तेव्हाच्या कार्यवाहांचं आउटलुक. व्हॉट्सअ‍ॅप आलं आणि मेल आटले. पण सोलापूर, नगर, पुणे या पट्ट्यातल्या माळरानांवर तेव्हा काय दिसत होतं ते त्या मेलांतच आहे. नान्नजच्या आसपास माळढोक कुठल्या साली कोणाला कुठे दिसला, तणमोराची खरी नोंद कुठली आणि ऐकीव कुठली, असं कोणी विचारलं की आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघतो.

हातात आहे ते असं: याहूने २०१९ च्या अखेरीस ग्रुपांवरचा मजकूर काढून टाकायचं जाहीर केलं तेव्हा एका सभासदाने सगळं उतरवून ठेवलं, त्या एमबॉक्स फायली (एकाच फायलीत ओळीने सगळे मेल). जीमेल टेकआउटची (जीमेलमधलं सगळं उतरवून घ्यायची सोय) एक अवाढव्य एमबॉक्स. आउटलुकच्या दोन पीएसटी फायली. मिळून लाखभर मेल तरी असतील, आणि त्यात दुबार भरपूर, कारण एकच मेल तिघांच्या पेट्यांत आहे.

अडचण शोधाची. माळढोक कोणी देवनागरीत लिहितं, कोणी रोमनमध्ये (एम-ए-एल की एम-डबल ए-एल, ज्याची त्याची मर्जी), कोणी नुसतं जीआयबी (ग्रेट इंडियन बस्टर्ड), आणि एक काका कायम शास्त्रीय नावच लिहायचे. हे सगळं एका फटक्यात सापडून त्यावर पक्षी, तालुका आणि 'तपासलं' असे टॅग लावायचे आहेत. टॅग मात्र त्या सॉफ्टवेअरच्या पोटात अडकायला नकोत. उद्या ते बंद पडलं तर साध्या मजकुराच्या फायलीत हाती यायला हवेत.

थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम वापरून पाहिला. इम्पोर्ट-एक्स्पोर्ट टूल्स एनजी हे अ‍ॅड-ऑन घालून एमबॉक्स आत आली, शोधही बरा आहे. पण एकेका पक्ष्याची आठ-आठ स्पेलिंगं घेऊन टॅग लावायचे म्हणजे हात मोडतात. विंडोजचा जुना लॅपटॉप आहे, ८ जीबी रॅम. लिनक्स शिकायची तयारी आहे. मेल कुठेही ऑनलाइन चढवायचे नाहीत, त्यात घरट्यांच्या जागा आहेत.

उंटावरून

सगळं एका नव्या जीमेल खात्यात ओता की. शोध फुकट, लेबलं फुकट. कशाला डोक्याला ताप?

माळरानी

माझ्या पोस्टमधलं शेवटचं वाक्य वाचा हो.

कळफलक

तुम्हाला नॉटमच हवंय. मुक्त सॉफ्टवेअर आहे, कार्ल वर्थ यांनी २००९ मध्ये सुरू केलं. ते मेल आणत नाही, पाठवत नाही, मूळ मजकुराला हातही लावत नाही. तुमच्या फोल्डरमधले मेल वाचून झापियन या शोधयंत्राच्या मदतीने त्यांची सूची बनवतं आणि टॅग त्या सूचीत ठेवतं. लाखभर मेल म्हणजे त्याला काहीच नाही. पहिली सूची बनायला वेळ लागेल, नंतरचा शोध क्षणात.

आधी साफसफाई. नॉटमचला एका फायलीत एकच मेल लागतो, म्हणजे मेलडिर किंवा एमएच पद्धतीची मांडणी. एमबॉक्स थेट चालत नाही. एमबॉक्सचं मेलडिर करायला एमबीटूएमडी हे अवजार आहे, नाहीतर पायथनबरोबर येणारं मेलबॉक्स मोड्यूल, दहा-पंधरा ओळींत काम होतं. पीएसटीसाठी रीडपीएसटी. त्यात मोठ्या एमचा पर्याय दिलात की एकेक मेल वेगळ्या फायलीत पडतो. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) घालून त्यात उबुंटू हे लिनक्स घ्या, ही सगळी अवजारं तिथे एपीटी या कमांडने मिळतात. फक्त मेलडिर डब्ल्यूएसएलच्या आतल्याच डिस्कवर ठेवा. मेलडिरच्या फाइलनावांत अपूर्णविराम (:) असतो आणि विंडोजला तो नावात चालत नाही. पेनड्राइव्हवर न्यायचं असेल तर आधी सगळ्यांची मिळून एक टार फाइल करा.

दुबार मेलांची काळजी सोडा. नॉटमच मेसेज-आयडीवरून (मेलाच्या मथळ्यातला त्याचा स्वतंत्र ओळखक्रमांक) ओळखतं. एकच मेल तीन पेट्यांतून आला असला तरी फायली तीन, पण शोधात मेल एकच दिसतो. ज्या मेलाला मेसेज-आयडीच नाही त्याला ते फाइलच्या मजकुरावरून स्वतः एक आयडी देतं. पीएसटीतून निघालेल्या 'पाठवलेल्या' मेलांत असे सापडतील. अशा फायली नंतर संपादित करू नका, आयडी बदलेल आणि टॅग सुटेल.

आता तुमचा मुख्य प्रश्न. टॅग कमांडला बॅच नावाचा पर्याय आहे. एक साधी फाइल करायची, दर ओळीत अधिक चिन्हाला चिकटून टॅग, मग दोन आडव्या रेघा, मग शोध. माळढोकच्या ओळीत देवनागरी नाव, रोमन स्पेलिंगं, इंग्रजी नाव, जीआयबी, शास्त्रीय नाव, सगळं मध्ये ओआर घालून लिहा. शंभर पक्ष्यांच्या शंभर ओळी. नवं स्पेलिंग सापडलं की ओळीत भर घालायची आणि फाइल परत चालवायची. ही फाइलच तुमचा खरा ठेवा, ती जपा.

मराठीसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. शब्दाच्या मुळाशी जायची सोय त्यात इंग्रजीसाठी आहे, मराठीसाठी नाही. 'माळढोक' शोधलं तर 'माळढोकाची' सापडणार नाही. शब्दाच्या शेवटी तारा लावा, माळढोक*. ईकारान्त शब्दांत शेवटची वेलांटीही सोडा. 'टिटवी'साठी टिटव* दिलं की टिटवीला, टिटव्या, टिटव्यांचा, सगळे येतात.

पानशेतकर

कळफलक यांनी छान सांगितलंय. एकच भर. नॉटमच जोडलेल्या फायलींची नावं शोधतं, त्यांच्या आत बघत नाही. तुमच्या गटाने पक्षीगणनेचे तक्ते वर्ड-एक्सेलमध्ये पाठवले असणार, नाही का? त्यासाठी शेजारी रीकॉल ठेवा. तेही झापियनवरच चालतं, मेलला जोडलेल्या पीडीएफ-वर्डच्या पोटात शिरतं, आणि त्याला खिडक्या-बटणं आहेत, त्यामुळे टर्मिनल न वापरणाऱ्यांनाही जमतं. लिनक्सवर फुकट आहे.

माळरानी

दोघांनाही धन्यवाद. तक्ते आहेत, पुष्कळ आहेत. दोन शंका. एक, टॅग बाहेर कसे काढायचे? दोन, २००५ च्या आधीचे बरेच मराठी मेल जुन्या फॉन्टांतले आहेत, युनिकोड नव्हे. उघडले की नुसती चिन्हांची खिचडी दिसते.

कळफलक

टॅगांसाठी डम्प कमांड आहे. दर मेलाला एक ओळ, टॅग आणि मेसेज-आयडी. रिस्टोअरने तेच परत आत. पण टॅगांची नावं रोमनमध्येच ठेवा. देवनागरी टॅग नॉटमचला चालतो, शोधतानाही त्रास नाही, पण डम्प करताना साधी इंग्रजी अक्षरं-अंक आणि मोजकी चिन्हं सोडून बाकी सगळं टक्केचिन्ह आणि आकड्यांत बदलतं. दहा वर्षांनी कोणी ती फाइल उघडली तर 'माळढोक'च्या जागी टक्क्यांची रांग दिसेल. परत आत घेतलं की नीट होतं, पण तुम्हाला तर सॉफ्टवेअरशिवाय वाचता येणारी फाइल हवी आहे.

जुन्या फॉन्टांवर सरळ उतारा नाही. नॉटमच एचटीएमएलमधले टॅग गाळून सूची करतं, त्यामुळे फॉन्टचं नाव शोधता येत नाही. आणि मजकूर बेस६४ या सांकेतिक रूपात असेल तर फायलींवर ग्रेप (फायलींत मजकूर शोधायची कमांड) मारूनही उपयोग नाही. पायथनने मेल उलगडून आत फॉन्टचं नाव असेल त्यांचे मेसेज-आयडी काढा, त्यांना 'जुना फॉन्ट' अशा अर्थाचा एक टॅग द्या, आणि तेवढेच मेल जुन्या फॉन्टाचं युनिकोड करणाऱ्या परिवर्तकातून काढून हाताने वाचा.

गणनाबाई

मी सॉफ्टवेअरवाली नाही, नोंदी तपासणारी आहे. 'माळढोक' शब्द सापडला म्हणून माळढोकची नोंद होत नाही. 'तीन दिवस फिरलो, माळढोक दिसला नाही' यातही तो शब्द आहे. 'माळढोक अभयारण्याच्या फाटकाशी चहा घेतला' यातही आहे. आणि उत्तरादाखल आलेल्या प्रत्येक मेलाखाली मूळ मेल चिकटलेला असतो, म्हणजे एका पक्ष्याचे बघता बघता दहा पक्षी. यंत्राने लावलेला टॅग आणि माणसाने वाचून लावलेला टॅग यांची नावं वेगळी ठेवा, पहिल्याला 'उल्लेख', दुसऱ्याला 'नोंद'. मोजायची ती फक्त दुसरी. 'दिसला नाही' यालाही वेगळा टॅग द्या, माळरानाच्या अभ्यासात त्याची किंमत कमी नाही.

कळफलक

गणनाबाईंना शंभर टक्के अनुमोदन. बॅच फाइलने फक्त 'उल्लेख' लावायचा. मग 'उल्लेख आहे पण नोंद नाही आणि तपासलेलं नाही' असा शोध नावाने साठवून ठेवा, तीच तुमची रोजची कामाची यादी. मेल साखळीने दिसतात, तेव्हा साखळीतल्या पहिल्या मेलालाच 'नोंद' लावायचा नियम करा.

माळरानी

हे पटलं. आता शेवटचा प्रश्न. आम्ही तिघं तीन गावांत आहोत. तिघांनी वेगवेगळे मेल वाचून टॅग लावले तर एकत्र कसे करायचे?

कळफलक

तिघांकडे मेलांची एकच प्रत हवी, हे पहिलं. एकाने रूपांतर करून बाकीच्यांना डिस्क द्यायची. तिघांनी वेगवेगळं रूपांतर केलं तर मेसेज-आयडी नसलेल्या मेलांचे आयडी जुळतीलच असं नाही. मग नॉटमच-गिट (गिट म्हणजे फायलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन). ०.३७ आवृत्तीपासून ते सोबतच येतं. टॅगांचा इतिहास गिटमध्ये राहतो, मेल नाही, त्यामुळे घरट्यांच्या जागा कुठे जात नाहीत. तरी गिटचं भांडार खाजगीच ठेवा, मेसेज-आयडीत कधी कधी पाठवणाऱ्याच्या संगणकाचं नाव असतं. गिट नको असेल तर वर्षं वाटून घ्या आणि दर रविवारी डम्प फायली एकमेकांना पाठवा. रिस्टोअर करताना 'अ‍ॅक्युम्युलेट' हा पर्याय नक्की द्या. तो नसेल तर फायलीतल्या मेलांवरचे तुमचे स्वतःचे टॅग पुसले जातील.

उंटावरून

आमच्या ट्रेकिंग क्लबाचेही मेल असेच पडलेत. ती बॅच फाइल कशी दिसते ते कोणी इथे चिकटवेल का?

माळरानी

पक्ष्यांची यादी गणनाबाई करून देणार आहेत. आधी मोरापासून सुरुवात करते, त्याची स्पेलिंगं तरी कमी आहेत. फाइल चालली की इथेच टाकते.