आकाशवाणीवर ख्यालाला पंधरा मिनिटं पुरतात का?

विलंबित (धागाकर्ता)

मुद्दा सरळ आहे. केंद्रांवरच्या शास्त्रीय गायनाची दहा-पंधरा मिनिटांची चौकट मोडावी आणि रोज निदान एक तास सलग द्यावा.

हिशोब मांडतो. 15 मिनिटांतलं एक मिनिट सुरुवातीच्या आणि शेवटच्या निवेदनात जातं. उरली 14. द्रुत म्हणजे जलद बंदिशीला चार ठेवली, औचाराला, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या आलापाला, एक. विलंबिताला, म्हणजे संथ लयीच्या ख्यालाला, राहिली नऊ. एकतालाचं आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) 48 सेकंदांचं धरलं तर जेमतेम अकरा आवर्तनं. त्यातली स्थायीला (बंदिशीचा पहिला भाग) दोन, अंतऱ्याला (दुसरा भाग) दोन. म्हणजे मंद्रापासून तार षड्जापर्यंतची सगळी बढत, रागाचा टप्प्याटप्प्याने विस्तार, सात आवर्तनांत. दरबारी रागातला आंदोलित, म्हणजे संथ झुलणारा, गंधार नीट दाखवायचा म्हटला तर त्यातली दोन तिथेच संपतात. मग गवई उत्तरांग (सप्तकाचा वरचा भाग) उरकतो, आणि नव्या श्रोत्याला वाटतं, दरबारी म्हणजे एवढंच.

दुसरं कारण प्रहराचं, म्हणजे रागाच्या ठरलेल्या वेळेचं. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांमुळे उघड्यावरच्या मैफलीतला ध्वनिवर्धक रात्री दहाला बंद होतो आणि सकाळी सहापर्यंत एरवी लावता येत नाही. दरबारी अकरा वाजता आणि ललत पहाटे, हे आता रेडिओच करू शकतो. तेवढ्यासाठी तरी त्याने ऐसपैस बसावं.

मध्यलय

हिशोब बरोबर, पण फक्त अतिविलंबिताचा. झपताल घ्या. सेकंदाला एक मात्रा धरली तर आवर्तन दहा सेकंदांचं, 14 मिनिटांत 84 आवर्तनं. त्यात राग मांडता येत नसेल तर दोष घड्याळाचा नाही. जुन्या पिढीतले गायक अब्दुल करीम खाँ आणि केसरबाई केरकर यांनी मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत राग उभे केले. पहिल्या तीन सुरांतच राग कळतो.

आणि ऐकणार कोण? रेडिओचा श्रोता तिकीट काढून आलेला नसतो. तो बातम्यांसाठी लावतो, कणिक मळताना लावतो, गाडीत लावतो. त्याला मधेच पकडून थोडा वेळ धरून ठेवायचं असतं. 1952 नंतर नभोवाणी मंत्री बा. वि. केसकरांच्या काळात चित्रपटसंगीताला कात्री लावून शास्त्रीयाचा डोस वाढवला, तेव्हा लोक सिनेमाची गाणी लावणाऱ्या, श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनकडे गेले. त्यांना परत आणायला 1957 च्या ऑक्टोबरात विविध भारती काढावी लागली. तासभर ऐकणाऱ्यांसाठी 2016 पासून आकाशवाणीची शास्त्रीय संगीताची रागम् वाहिनी आहेच की.

विलंबित

सिलोनचा दाखला इथे बसत नाही. तिथे भांडण सिनेमाच्या गाण्यांचं होतं, ख्यालाच्या लांबीचं नव्हतं. सिनेमाची गाणी काढा असं इथे कोणीच म्हणत नाहीये. रागम् मुख्यतः डीटीएच आणि मोबाइल ॲपवर. घरातल्या साध्या ट्रान्झिस्टरवर ती नाही, आणि जुना श्रोता तिथेच बसलेला आहे.

तबकडीचं म्हणाल, तर ते गाणं तीन मिनिटांसाठीच बेतलेलं असायचं. आज बऱ्याचदा होतं ते वेगळंच. संग्रहातल्या चाळीस-पन्नास मिनिटांच्या ध्वनिमुद्रणातली 14 मिनिटं लावायची आणि बातम्या आल्या की तान अर्ध्यात असताना फेडर (आवाज कमी-जास्त करणारा खटका) खाली. पंधरा मिनिटांसाठी बेतून गायलेला झपताल असेल तर माझी तक्रार नाही. कापलेल्या विलंबिताबद्दल आहे.

फेडर

लांबीवर भांडताय, पण निम्मा राग वाटेतच गळतो, त्याचं काय?

आधी एजीसी, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी यंत्रणा. बातम्या आणि सुगम संगीतासाठी लावलेली सेटिंग आलापाला तशीच ठेवली की दोन आलापींमधल्या विसाव्यात ती पातळी उचलते आणि तानपुरा फुगून वर येतो. गायकाने सूर लावला की झपकन खाली. कानाला ते धाप लागल्यासारखं वाटतं, आणि श्रोता म्हणतो, 'तानपुरे फार मोठे ठेवलेत.' उपाय साधा आहे. शास्त्रीयासाठी वेगळा प्रीसेट (आधीच जुळवून ठेवलेली सेटिंग) करा: आवाज दाबण्याचं गुणोत्तर 2:1 च्या आसपास, रिलीज (पातळी पुन्हा उचलायला लागणारा वेळ) दहा सेकंदांहून मोठा आणि गेट (ज्याखाली यंत्रणा काही करत नाही ती मर्यादा) अशा पातळीला की नुसत्या तानपुऱ्यावर यंत्रणा जागची हलणार नाही. आवाजाची टोकं छाटणारा क्लिपर जवळजवळ बंद. त्याने पहिली मरते ती तबल्याची चाट, म्हणजे कडेवरचा खणखणीत बोल.

दुसरी गोष्ट, शांतता ओळखणारा सेन्सर. तो वीस सेकंदांवर ठेवला आणि मोठ्या सतारीसारख्या सुरबहाराचा अगदी हळू आलाप चालू असला, तर यंत्र समजतं वाहिनी गप्प झाली आणि मधेच राखीव गाणं सोडून देतं. या सभेपुरता (प्रसारणाच्या या भागापुरता) तो 45 सेकंदांवर न्या, किंवा त्याची पातळी खाली उतरवा.

मध्यम लहरींबद्दल फार बोलत नाही. वाहिन्यांमधलं अंतर 9 किलोहर्ट्झ, म्हणजे हाती येतो साधारण साडेचार किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज. जवारीची, म्हणजे तानपुऱ्याच्या तारेच्या झणझणाटाची, वरची चमक त्यात उरत नाही. एफएमवर 15 पर्यंत मिळतं.

मध्यलय

एजीसीचं पटलं. पण ड्यूटीवर एकच माणूस असलेल्या केंद्रात प्रत्येक कार्यक्रमाला प्रीसेट कोण बदलणार?

फेडर

माणसाने बदलायचाच नाही. प्लेआउटच्या, म्हणजे कार्यक्रम आपोआप लावणाऱ्या संगणकाच्या, यादीत कार्यक्रमाच्या आधी एक आज्ञा टाकायची, संपल्यावर दुसरी. विसरते ती दुसरी. मग बातम्या दबक्या आवाजात जातात आणि फोन येतात.

आता कापण्याबद्दल, कारण विलंबित यांची तक्रार खरी आहे. मोठं ध्वनिमुद्रण छोटं करायचंच असेल तर शेवट कापू नका, मधलं काढा. दोन्ही काप समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) घ्या आणि तानपुरा तीनेक सेकंद एकावर एक चढवा. गफलत लयीत होते. मैफलीत लय हळूहळू चढते. 48 सेकंदांचं आवर्तन वीस मिनिटांनी 40 वर आलेलं असतं. मधली वीस मिनिटं काढली की जोडावर ठेका उडी मारतो, आणि न समजणाऱ्यालाही काहीतरी टोचतं. म्हणून काप तिथे घ्या जिथे दोन्ही बाजूंची आवर्तनं सेकंदा-दोन सेकंदांच्या फरकात आहेत. तशी जागा सापडत नसेल तर विलंबित सोडा, फक्त द्रुत लावा. ते जास्त प्रामाणिक.

वेळेची मोजणी पुढच्या बातम्यांच्या वेळेपासून मागे करायची. 15 मिनिटांच्या जागेत ऐवज साडेचौदाचाच हवा, उरलेली तीस सेकंद नुसता तानपुरा. भैरवीच्या तिहाईनंतर, म्हणजे तीनदा घेऊन केलेल्या शेवटानंतर, लगेच जाहिरात वाजली की... असो.

पत्रिका

कोणाच्याच यादीत न आलेलं सांगते: निवेदन. राग आणि कलाकार सांगतात, ताल कधीमधी, साथीदारांची नावं बहुतेकदा शेवटी गाळतात कारण वेळ संपलेली असते. ती सुरुवातीलाच घ्या. नाट्यगीत असेल तर नाटक, पदकर्ता आणि राग, तिन्ही. क्यू शीट (कार्यक्रमाच्या तपशिलाचा कागद) कोरी असेल तर निवेदक तरी काय वाचणार? जुन्या टेपा संगणकावर घेताना खोक्यावरची चिठ्ठी टंकून घेतली नाही, तर तबल्यावर कोण होतं हे पुढे कानाने ओळखत बसावं लागतं. एक तास द्या की पाव तास, हे दोन्हीकडे लागू.

मध्यलय

बरं, तोडगा काढतो. सोमवार ते शनिवार वीस मिनिटं, त्या वेळेसाठीच गायलेली, कापलेली नव्हे. रविवारी सकाळी साडेआठपासून पूर्ण तास.

विलंबित

वीस मिनिटांना हरकत नाही. पण तास पुन्हा सकाळीच? सकाळचे राग रविवारच्या मैफलींत मिळतात, यमन तर रोज संध्याकाळी. दुपारी चारला मैफल कोणी ठेवत नाही. भीमपलासी, पटदीप, मुलतानी यांना रेडिओची दुपारची सभाच उरली आहे, आणि तिथे तुम्ही तास देत नाही. मुलतानी काय रविवारी सकाळी साडेआठला ऐकायचा?