सॉल्टी म्हणजे नक्की काय? (खारट सोडून)

निळा_पतंग
काल भाचीबरोबर कॅरम खेळत होतो, राणी घेतली पण कव्हर नाही झाली, मी जरा गप्प बसलो तर ती म्हणते "मामा, सॉल्टी नको ना होऊस". डिक्शनरीत बघितलं तर खारट, बस. रागावलास असं म्हणायचं होतं का? मग अँग्री का नाही म्हणाली? शिवी तर नाही ना ही?

रात्रपाळी
शिवी नाहीये, टेन्शन नको घेऊ. आपला चिडका बिब्बा, तोच. अँग्री कुणीही कशावरही असू शकतो, सॉल्टी म्हणजे हरलो किंवा आपल्याला डावललं ते लागलंय आणि चेहऱ्यावर दिसतंय. गेममध्ये मेल्यावर कोणी लॅग होता (म्हणजे गेम अडकत होता), माऊस खराब, टीम बेकार असं सुरू केलं की चॅटमध्ये लगेच "सो सॉल्टी" पडतं. पण खरंच दुःखात असलेल्या माणसाला हे कधीच म्हणू नका, तुझा राग फुकटचा आहे असा सूर असतो त्यात, फार लागतं.

बंदरावरचा
आमच्या मर्चंट नेव्हीत जरा वेगळं. जुन्या मुरलेल्या खलाशाला ओल्ड सॉल्ट म्हणतात, आणि सॉल्टी लँग्वेज म्हणजे शिवराळ, चावट बोलणं. त्यामुळे माणसाबद्दल आहे की बोलण्याबद्दल ते आधी बघा.

कोशवेडी
चिडका हा अर्थ पण आजकालचा नाही बरं का. 1930च्या दशकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीत "जंप सॉल्टी" होतं, म्हणजे एकदम भडकणं. 2014 साली अमेरिकन डायलेक्ट सोसायटी या बोलींचा अभ्यास करणाऱ्या संस्थेनं पुढे चालेल असा शब्द म्हणून यालाच निवडलं. सगळे याला जेन झीचा शब्द म्हणून मोकळे होतात, ज्यांचा आहे त्यांचं नावही कोणी घेत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. वापरताना कशावरून ते सांगायचं तर पुढे अबाउट लावा. मित्रांत चालतो, ऑफिसच्या मेलमध्ये नको. आणि मराठीत शब्दशः नका आणू, आपल्याकडे मीठ म्हणजे खाल्ल्या मिठाला जागणं, "तो खारट झाला" म्हटलं तर कोणाला काय कळणार.

निळा_पतंग
थँक्यू सगळ्यांना. भाचीला चिडका बिब्बा सांगितलं तर तिला बिब्बाच माहीत नव्हता, मग त्याचं तेल कातडीला लागलं की कसं उततं, फोड येतात ते सांगत बसलो. आता ती मला बिब्बा म्हणते.