मदत हवी आहे: जठराचा कॅन्सर, आधी किमो की आधी ऑपरेशन?

आईच्या बायोप्सीत जठराचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा निघाला आहे. पोटात दुखत कधीच नव्हतं. चार घास खाल्ले की पोट गच्च व्हायचं, वजन उतरत होतं, हिमोग्लोबिन वाढतच नव्हतं. अ‍ॅसिडिटीच्या गोळीने जळजळ थांबायची, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही.

सीटी स्कॅनमध्ये लिव्हर आणि फुप्फुसं ठीक आहेत. पोटाच्या आतल्या पडद्यावरचे कॅन्सरचे बारीक ठिपके स्कॅनमध्ये सुटू शकतात, म्हणून आधी दुर्बिणीने आत बघणार आहेत. मग फ्लॉट नावाची किमो: दर दोन आठवड्यांनी एक, अशा चार ऑपरेशनआधी, चार नंतर. जठर बहुधा पूर्ण काढावं लागेल.

मामा म्हणतात, "गाठ दिसतेय ना, मग आधी काढून टाका!" त्यांना काय सांगू? जठरच नसेल तर आई जेवणार कशी? आणि आम्हा भावंडांनी काही तपासून घ्यायला हवं का?

प्रतिसाद:
ताई, माझ्या मिस्टरांचं पूर्ण जठर काढलं आहे, म्हणून लिहिते. मामांना सांगा, गाठ एकाच जागी दिसली तरी तिच्या पेशी आधीच बाहेर पडलेल्या असू शकतात. किमो त्यांना लगेच गाठते, गाठही आकसू शकते. शिवाय ऑपरेशननंतर माणूस इतका थकतो की अनेकांना पुढची किमो पूर्ण झेपत नाही. आधीची तरी पदरात पडते.

अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडतात, त्यामुळे जेवता येतं, पण थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा, अगदी चावून. पाणी जेवणासोबत नको, मध्ये वेळ सोडून. गोड सरबत घेतलं की ह्यांना दरदरून घाम फुटायचा, छाती धडधडायची. अन्न आतड्यात एकदम उतरल्याने तसं होतं. बी-१२ची इंजेक्शनं जन्मभर लागतात. आहारतज्ज्ञांना आत्ताच भेटा, किमो सुरू होण्याआधी वजन सावरणं फार महत्त्वाचं आहे.

तुम्ही भावंडांनी हेलिकोबॅक्टर पायलोरीची श्वासाची किंवा शौचाची चाचणी जरूर करा. हा जंतू जठराच्या कॅन्सरचं मोठं कारण आहे आणि औषधांनी जातो. ओमेप्राझोलसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून दोन आठवडे आधी थांबवा, नाहीतर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. घरात आणखी कोणाला, विशेषतः कमी वयात, हा आजार झाला असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि आईच्या बायोप्सीवर एमएसआय व हर-टू (गाठीच्या पेशींमधल्या खुणा, ज्यांवरून उपचार ठरवायला मदत होते) तपासलंय का, हे किमोआधीच विचारा. एमएसआय पॉझिटिव्ह आला तर उपचारांचा बेत बदलू शकतो.