मदत हवी आहे: एक्स ७० पाइपच्या टाय-इन जोडाला दोन दिवसांनी तडा

प्रश्न
३० इंची पाइप, एपीआय ५एल एक्स ७० (पाइपलाइनच्या जास्त ताकदीच्या पोलादाची श्रेणी), जाडी १४.३ मिमी. रूट (तळाचा पहिला थर) ई ६०१० रॉडने, पुढचे सगळे पास (थर) ई ८०१०ने. गॅस टॉर्चने ६० अंश सेल्सिअस प्रीहीट (वेल्डआधी पाइप तापवणं). मेनलाइनचे (ओळीने एकेक पाइप जोडत जातानाचे) जोड ठणठणीत, त्रास फक्त टाय-इनला (आधीच टाकलेले दोन भाग जोडणारा जोड). संध्याकाळी एक्स-रे पास होतो आणि दोन दिवसांनी अल्ट्रासोनिकमध्ये रूटशेजारी, हॅझमध्ये (वेल्डलगतचा उष्णतेने बदललेला पट्टा), तडा दिसतो. रॉड बदलायची की प्रीहीट वाढवायचं? तडा ग्राइंड करून भरला तर चालेल का?

प्रतिसाद १
एक्स-रे घेतला तेव्हा बहुधा तडा नव्हताच. रॉडमधून वेल्डमध्ये आलेला हायड्रोजन हळूहळू हॅझमध्ये झिरपतो आणि जोड गार झाल्यावर काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही, तडा उघडतो. म्हणून टाय-इनची अंतिम तपासणी ४८ तासांनंतरच ठेवा. त्यातून तिरका, बारीक तडा एक्स-रेला सहज चकवतो.

मेनलाइनला पाइपचं पुढचं टोक मोकळं असतं, टाय-इनला दोन्ही बाजू जखडलेल्या. हायड्रोजन तेवढाच, ताण कितीतरी जास्त. पाइप साइडबूमने (पाइप उचलणारा ट्रॅक्टर) ओढून जुळवत असाल तर आधी ते थांबवा.

६० अंश इथे फारच कमी. शिवाय टॉर्चच्या ज्वाळेतली वाफ गार पाइपवर पाणी होऊन बसते! किमान १२० अंश ठेवा, जोडापासून ७५ मिमीवर, पूर्ण घेरावर मोजा आणि कॅप (सगळ्यात वरचा थर) होईपर्यंत उतरू देऊ नका. रूटनंतर हॉट पास (दुसरा थर) पाच-सात मिनिटांत पडला पाहिजे. जोड अर्धवट सोडून जेवायला जाणं बंद.

प्रतिसाद २
एक सावधगिरी: ई ६०१०, ई ८०१० ओव्हनमध्ये भाजू नका. या सेल्युलोजिक (सेल्युलोजयुक्त आवरणाच्या) रॉडला थोडा ओलावा लागतोच, भाजली की आर्क बिघडतो. भाजायची ती ई ८०१८ (कमी हायड्रोजनची रॉड), साधारण ३५० अंशांवर तासभर, मग गरम क्विव्हरमधून (रॉड गरम ठेवायचा डबा) थेट हातात. सेल्युलोजिकमधून १०० ग्रॅम वेल्डमागे ३० मिलीच्या वर हायड्रोजन सुटतो, एच४ दर्जाच्या ई ८०१८मधून ४ मिलीच्या आत. टाय-इनचे फिल (मधले थर) आणि कॅप तरी ई ८०१८नेच करा. मात्र एपीआय ११०४ या पाइपलाइन वेल्डिंगच्या मानकानुसार रॉडचा गट बदलला की प्रोसिजर नव्याने क्वालिफाय करावी लागते, प्रीहीट वाढवायला नाही. त्यामुळे आज प्रीहीट वाढवा, रॉडचं काम समांतर चालू द्या.

प्रतिसाद ३
ग्राइंड करून भरण्याचा मोह नको. तडा दुरुस्त करायला मालक कंपनीची परवानगी लागते, तीही तड्याची लांबी जोडाच्या ८ टक्क्यांच्या आत असेल तरच. हॅझमधला तडा वर दिसतो त्याहून लांब निघतो. सरळ जोड कापा, पप-पीस (पाइपचा छोटा तुकडा) टाका. कापलेल्या तुकड्याची विकर्स कडकपणा चाचणी करून घ्या: हॅझ ३५० एचव्हीच्या वर असेल तर प्रीहीट कागदावरच होतं.