भागीदारी शब्दावर चालते का? माझं मत: पहिल्या दिवशीच कागद करा

कारखानदार_सांगली
दोघं मित्र धंदा सुरू करतात. एकाने बारा लाख घातले, दुसऱ्याने दोन लाख आणि सकाळी आठ ते रात्री दहा राबणं. करार? "आपल्यात कसला कागद!"

लोकांना वाटतं, लिहिलं नाही म्हणजे सगळं मोकळं राहिलं. तसं नाही. तुम्ही लिहिलं नाहीत, तर १९३२ चा भागीदारी कायदा तुमच्या वतीने बोलतो. त्याचं कलम १३ सांगतं की वेगळं काही ठरलं नसेल तर नफा समान, तोटाही समान. राबणाऱ्याला पगार नाही. भांडवलावर आपोआप व्याजही नाही. ठरलेल्या भांडवलाच्या वर धंद्याला रक्कम उसनी दिली असेल, तर त्यावर वर्षाला ६ टक्के व्याज. म्हणजे बारा लाखवाल्यालाही ते पटणार नाही आणि राबणाऱ्यालाही. दोघांनीही न ठरवलेली वाटणी दोघांच्या गळ्यात. तोंडी काही वेगळं ठरलं होतं म्हणाल, तर ते सिद्ध कशाने करणार?

बेदाणा_तासगाव
साहेब, मला हे पटत नाही. आमच्याकडे लाखोंचे सौदे शब्दावर होतात. शब्द फिरवला की त्या माणसाला बाजारात कोणी दारात उभं करत नाही. ही शिक्षा कोर्टापेक्षा लवकर मिळते. मी आणि माझा भागीदार अनेक वर्षं एकत्र आहोत, कागद नाही. पण रोजमेळ, म्हणजे जमाखर्चाची वही, रोज लिहिला जातो आणि दर शनिवारी दोघं तो वाचतो. भांडणं करारावरून होत नाहीत हो, हिशेब दाखवला नाही की होतात.

कारखानदार_सांगली
रोजमेळाबद्दल शंभर टक्के मान्य. पण सौद्याचं उदाहरण इथे लागू होत नाही. सौदा काही दिवसांत मिटतो, आणि त्याचीही शेवटी अडत्या हिशेबाची पट्टी लिहून देतोच ना? भागीदारी वीस वर्षं चालते. तेवढ्या काळात दोघांच्या आठवणी वेगळ्या होतात, दोघंही प्रामाणिक असले तरी. आणि कर्ज एकाने धंद्यासाठी काढलं तरी देणेकरी दोघंही असतात. घरादारापर्यंत.

सीए_मीनल
बेदाणावाले दादा बरोबर सांगतायत त्यातला एक भाग मी रोज बघते. डीड, म्हणजे भागीदारीचा लेखी करार, म्हणून लोक जे आणतात ते दुसऱ्या कुणाच्या तरी फर्मची नक्कल असते, फक्त नावं बदललेली. सही करणाऱ्यांनी ती वाचलेलीही नसते. असला कागद असून नसल्यासारखा.

पण कागदच नसेल तर आयकरात भागीदारांना दिलेला पगार किंवा व्याज फर्मचा खर्च म्हणून धरलंच जात नाही. त्यासाठी लेखी डीड लागतं, त्यात प्रत्येकाचा हिस्सा लागतो. डीड असूनही काम करणाऱ्या भागीदाराचा पगार त्यात लिहिलेला नसेल तर तो खर्च म्हणून धरला जात नाही. आणखी एक, डीड करणं वेगळं आणि फर्मची नोंदणी वेगळी. नोंदणी सक्तीची नाही, पण नसेल तर कलम ६९ मुळे फर्मला गिऱ्हाइकावर थकबाकीचा दावा लावता येत नाही. उधारीच्या धंद्यात हे फार महागात पडतं.

बेदाणा_तासगाव
कराचं मान्य, ताई. पण कागद काढला की मनात पहिली शंका येते, "हा आत्तापासूनच फारकतीचा विचार करतोय." भावाभावांत तर हे फारच लागतं.

वर्कशॉप_कोल्हापूर
मी एरवी इथे लिहीत नाही. माझे मिस्टर आणि त्यांचे मित्र मिळून वर्कशॉप चालवायचे. मिस्टर अचानक गेले. करार नव्हता. वेगळं ठरलेलं नसेल तर भागीदार वारला की फर्म विसर्जित होते, हे मला तेव्हा कळलं. ते मित्र, आमचे भाऊजी, सज्जन आहेत, आजही घरी येतात. तरी दोन्ही लेथ मशीनची किंमत आजची धरायची की खरेदीची? गाळा त्यांच्या नावावर, पण डिपॉझिट दोघांचं. मिस्टरांनी मुलीच्या फीसाठी घेतलेले पैसे उचल की नफ्यातला वाटा? भाऊजींनी हिशेब मांडला तेव्हा त्यांचा हात कापत होता, आणि मला काही विचारायचीही लाज वाटत होती. फसवणूक कोणीच केली नाही. पण आमचं बोलणं वर्षभर बंद होतं. दादा, तुमच्या शनिवारच्या बैठकीत वहिनी असतात का?

बेदाणा_तासगाव
नाही, ताई. नसतात.

कोणी गेलं तर काय, हे लिहायला आता माझी हरकत नाही. या शनिवारी विषय काढतो. पण नफ्याची वाटणी लिहू नये, हे मत कायम आहे. कधी मी जास्त राबतो, कधी तो. आम्ही वर्षाअखेर बसून ठरवतो. लिहिलं की ते दगडासारखं होतं.

सीए_मीनल
दादा, तसं नाही. सगळ्या भागीदारांच्या सहीने पुरवणी डीड करून हिस्सा बदलता येतो. फक्त तो पुढच्या काळासाठी बदलायचा, मागच्या नफ्याला लावायचा नाही. आणि वकिलाकडे जाण्याआधी दोघांनी मराठीत, आपल्या शब्दांत एक पान लिहा: पैसे कोणाचे किती, महिन्याची उचल किती, कोण नुसतं भांडवल घालतंय, बाहेर पडणाऱ्याला किती दिवसांत आणि कोणत्या किमतीने द्यायचं. जिथे दोघांचं लिहिणं जुळणार नाही, तेवढंच घेऊन माझ्यासारखीकडे या.